स्विच लूब करायची (आत तेल-ग्रीस लावायची) झटपट पद्धत आहे का? ८७ उघडत बसायचा जीव नाही

रात्रपाळी_ठाणे
मंडळी एक प्रश्न आहे, आधी विचारून झाला असेल तर माफ करा पण मला सापडला नाही. माझ्याकडे ८७ बटणांचा मेकॅनिकल कीबोर्ड आहे, लाल लिनियर स्विच (दाबताना मध्ये ना उंचवटा ना क्लिक), हॉटस्वॅप आहे म्हणजे स्विच नुसते उपटून बदलता येतात, सोल्डरिंगची भानगड नाही. काम भाषांतराचं, सगळं रात्री अकरानंतर, आणि शेजारच्या खोलीत आठ महिन्यांचं बाळ झोपलेलं असतं. तर त्रास दोन आहेत, एक म्हणजे प्रत्येक बटण सोडलं की आतून बारीक टिंऽग असा आवाज येतो, तंबोऱ्याची तार कुणी चुकून छेडल्यासारखा, आणि दुसरं म्हणजे स्पेसबार. स्पेसबार म्हणजे एसटीची खिडकी आहे नुसती.

व्हिडिओ पाहिले, त्यात लोक एकेक स्विच उघडतात, चिमट्यात दांडी (बटणाबरोबर वरखाली होते ती) धरतात, ब्रशने ग्रीस रंगवतात, आणि मागे शांत संगीत. माझ्याकडे एवढा वेळ नाही हो. रविवार एकच मिळतो आणि तोही अर्धा. म्हणून विचारतोय की न उघडता वरूनच काही सोडता येतं का, स्प्रे वगैरे? घरात शिलाई मशीनचं तेल आहे, खोबरेल आहे (हसू नका). मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतो, त्यामुळे डीचं बटण, म्हणजे पाय मोडायचं, आणि ईचं, म्हणजे काना, ही दोन सगळ्यात जास्त मार खातात आणि आता हाताला खरखर पण लागायला लागलीय.

वऱ्हाडी_कोडर
भाऊ वरून स्प्रे अजिबात मारू नको. मी मारून बसलो न. गॅरेजमधला गंज सोडवायचा स्प्रे होता, नळी लावून प्रत्येक बटणात एक एक फुसकारा दिला, दोन दिवस असं मखमली वाटलं की काय सांगू, बायकोला बोलावून दाखवलं. चौथ्या दिवसापासून बटणं डबल उमटायला लागली, इफ लिहाव तर इइफ. त्या स्प्रेत बहुतेक सगळं पातळ सॉल्व्हंटच असते, ते उडून जाते पण जाता जाता आतला सगळा मळ धुऊन बरोबर त्या तांब्याच्या पत्तीवर नेऊन ठेवते जिथं कॉन्टॅक्ट होतो. वरतून माझ्या स्विचची वरची टोपी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची होती, पाच सहा टोप्यांना तडे गेले. पूर्ण सेट फेकला.

खोबरेलचं म्हणशील तर आमच्याकडे डिसेंबरात बाटली उन्हात ठेवाव लागते तेव्हा तेल निघते. ते साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठते. म्हणजे सकाळी कीबोर्ड पण उन्हात ठेवशील काय? आणि काही महिन्यांनी खवट वास येते ते वेगळंच.

रात्रपाळी_ठाणे
हाहा बरं खोबरेल कॅन्सल. पण शिलाई मशीनचं तेल? ते तर यंत्रासाठीच असतं ना?

तपकीरगल्ली
शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, ते टाकलं तिथे थांबत नाही, हळूहळू पसरतं, खाली पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) उतरतं, आणि मशीनमध्ये ते धातूवर धातू घासतं तिथे चालतं, इथे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आहे. खनिज तेल काही प्लॅस्टिकना बरोबर मानवत नाही. कीबोर्डवाले जे वापरतात ते पीएफपीई (फ्लोरीनवालं कृत्रिम) तेल, त्यात पीटीएफईची (टेफ्लॉनची) भुकटी घालून घट्ट केलेलं, क्रायटॉक्स २०५ ग्रेड शून्य हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. हे कुठल्याच प्लॅस्टिकला काही करत नाही, सुकत नाही, वास नाही. छोटी डबी काही शे रुपयांत मिळते आणि पाच ग्रॅममध्ये तुझे दोन कीबोर्ड होतील. एक लक्षात ठेव, हे हाताला लागलं की धुतल्याशिवाय सिगरेट पेटवायची नाही, जळाल्यावर त्याचा धूर वाईट असतो. अगदी कधी काढायचंच झालं तर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) विरघळत नाही, कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि घासणं.

आता तुझा मुख्य मुद्दा, झटपट. मी आत्तापर्यंत स्वतःचे तीन आणि मित्रांचे चार पाच केलेत त्यावरून सांगतो, तू वेळ चुकीच्या ठिकाणी वाचवायला बघतोयस. स्विच उघडायला ओपनर असला की दहा पंधरा सेकंद लागतात. वेळ जातो तो रंगवण्यात, आणि लोक गरजेपेक्षा दुप्पट रंगवतात. तर आधी स्विचला हातच लावू नकोस. आधी स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटणं दोन्ही टोकांना सारखी दाबली जावीत म्हणून खाली असते ती तार आणि तिचे ठोकळे.

तुझा स्पेसबार वाजतो तो स्विच नाहीच, त्याखालची तार वाजते. तुझ्या कीबोर्डवर अशी पाचच बटणं असणार, स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि दोन शिफ्ट. या पाचांच्या कॅप (वरची बटणं) काढ. मेडिकलमधून एक सिरिंज आण, सुई बोथट करून घे किंवा सुईशिवायच वापर, त्यात डायइलेक्ट्रिक ग्रीस भर (सिलिकॉनचं, गाड्यांच्या स्पार्क प्लगच्या टोपीत लावतात ते, ऑटो पार्टवाल्याकडे मिळतं) आणि तारेचं टोक जिथे प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात शिरतं त्या भोकात ते भर. दोन्ही बाजूंनी. कॅप लाव, वीस पंचवीस वेळा दाब, परत ऐक. इथे मात्र कंजूषी करू नकोस, स्टॅबिलायझर ही एकच जागा आहे जिथे जरा जास्त झालं तर चालतं. तरीही एकाच बाजूने टक टक येत असेल तर तार वाकडी आहे, काढून आरशावर ठेव, एक टोक उचललेलं दिसेल, पकडीने हलकेच सरळ कर. या सगळ्याला अर्धा पाऊण तास. आणि मी पैजेवर सांगतो, तुझ्या बाळाला उठवणारा निम्म्याहून जास्त आवाज इथेच जाईल.

मग टिंग. ती स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंगसाठी उघडावंच लागतं, त्याला वरून काही इलाज नाही. पण स्प्रिंग एकेक रंगवायची नाही. सगळ्या स्प्रिंग झिपवाल्या पिशवीत टाक, पातळ तेल (क्रायटॉक्स १०५, हे ग्रीस नाही, तेलच) आठ दहा थेंब, पिशवीत हवा धरून बंद कर आणि चुरमुऱ्यांना तिखटमीठ लावतो तशी दोन मिनिटं हलव. दोन पिशव्यांत निम्म्या निम्म्या कर नाहीतर एकमेकींत अडकून असा गुंता होतो की जेवढा वेळ वाचवला तेवढा सोडवण्यात जातो.

आणि दांडी. परफेक्ट करायचं नसेल तर दांडीला हात लावू नकोस, फक्त स्विचच्या खालच्या अर्ध्या कवचात ज्या दोन खाचांमध्ये दांडी वरखाली सरकते तिथे शून्य नंबरच्या ब्रशने एकेक फटका मार, आणि मधल्या खांबाभोवती, जिथे स्प्रिंग बसते, तिथे एक. झालं. बटण दहा वीस वेळा दाबलं की दांडी स्वतःच ते पसरवून घेते. अशाने एका स्विचला एक मिनिट पण लागत नाही. ग्रीस लावल्यावर नुसती चमक दिसली पाहिजे, पांढरा गोळा दिसला तर जास्त झालं, पुसून टाक. जास्त झालं की बटण चिखलातून पाय काढल्यासारखं वर येतं, आणि मग ते सगळं परत उघडून पुसायला जे लागतं ते... मी पहिल्या कीबोर्डवर भोगलंय.

वऱ्हाडी_कोडर
तिखटमीठ लावलेले चुरमुरे 😂 आता भूक लागली न बाप्पा

रात्रपाळी_ठाणे
भारी सांगितलंत. म्हणजे सगळे ८७ उघडायचेच का शेवटी?

तपकीरगल्ली
नाही ना, तेच सांगायचं राहिलं. तुझा हॉटस्वॅप आहे. स्क्रोल लॉक, पॉज, एफ सात, एफ आठ, इन्सर्ट, ही बटणं तू वर्षातून किती वेळा दाबतोस? ते स्विच जवळजवळ कोरे आहेत. खरखर लागते ते डी आणि ईचे काढ आणि त्या जागी हे लाव, खराब झालेले वर पाठव. लूब न करता अर्धं काम. मग लूब करायचेत ते फक्त मधल्या तीन ओळी, तीसेक स्विच, तू इनस्क्रिप्टवाला आहेस म्हणजे डावा हात मात्रांवर आणि उजवा व्यंजनांवर सारखा चालतो, त्यामुळे मधल्या तीन ओळी सगळ्याच घ्याव्या लागतील. बाकीचे पुढच्या रविवारी, किंवा कधीच नाही.

अंबाबाईची_लेक
वर सगळं बरोबर आहे, दोन गोष्टी माझ्याकडून, कारण हे वाचून उद्या कुणीतरी निळे स्विच उघडून बसेल. क्लिकवाले (निळे) असतील तर क्लिक करणाऱ्या भागाला ग्रीस लावायचं नाही, क्लिक मरते, भावाच्या कीबोर्डवर मी हे करून ठेवलंय आणि अजून ऐकून घेते. त्यात फक्त स्प्रिंग. टॅक्टाइल (तपकिरी) असतील तर दांडीला जे दोन पाय असतात, जे पत्तीला ढकलतात, ते कोरडे ठेवायचे नाहीतर तो उंचवटा बोटाला लागतच नाही, मग पैसे कशाचे दिले. लिनियरला काय विषय नाही, तुमचे लाल आहेत म्हणजे चिंता नको. पत्तीच्या कॉन्टॅक्टवर मात्र कुठल्याच स्विचला काही लावायचं नाही.

दुसरं म्हणजे ओपनर घेताना बघून घ्या, काही स्विचच्या टोपीला चार खिट्या असतात, काहींना दोन, दोन्हींचे ओपनर वेगळे, काही ओपनर दोन्ही बाजूंनी चालतात ते घ्या. आणि सुटे भाग ठेवायला ती महागातली अॅक्रिलिकची पाटी घेऊ नका, बर्फाचा ट्रे बास होतो. मी इडलीपात्र घेतलं होतं, आईने परत घेतलं.

आणि हो स्विच परत बसवताना पिना!! दोन पितळी पिना एकदम सरळ आहेत ना बघूनच दाबायचं. जोर लावला की पिन सॉकेटात न जाता घडी होऊन पोटाखाली झोपते, आणि आपण म्हणतो लूब केल्यामुळे बटण मेलं. लूबमुळे नाही मरत, पिनेमुळे मरतं.

जुना_टाइपरायटर
मी या फोरमवर फारसा लिहीत नाही. आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, रेमिंग्टन आणि गोदरेज मिळून बावीस मशिनी. तुमचं वाचून गंमत वाटली म्हणून लिहितो. टाइपरायटरमध्ये ज्या अर्धगोल चकतीत सगळ्या दांड्या अडकवलेल्या असतात तिला सेगमेंट म्हणतात, आणि शिकाऊ मेकॅनिकची पहिली चूक म्हणजे त्यात तेल. तेल घातलं की त्या दिवशी मशीन पळते आणि पुढच्या महिन्यात धूळ आणि खोडरबराचा चुरा त्यात बसून दांड्या वरच राहायला लागतात. आम्ही तिथे कधीच तेल घातलं नाही, पेट्रोलमध्ये बुडवलेला ब्रश मारायचा आणि कोरडं सोडायचं. तेल फक्त कॅरेजच्या रुळाला, तेही काडीच्या टोकावर येईल एवढं. तेव्हा तुम्ही लूबच्या आधी ब्रशने आणि हवेने कीबोर्ड साफ करून घ्या, धुळीवर ग्रीस लावलंत तर खलबत्ता होईल त्याचा.

तपकीरगल्ली
काका एकदम बरोबर, हे मी लिहायलाच विसरलो. कॅप काढल्या की आधी कोरडा ब्रश आणि ब्लोअर. कॅप साबणाच्या पाण्यात टाकून ठेवा तोपर्यंत, पण लावायच्या आधी पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात एक दिवस लागतो.

चाळीतला_गेमर
न उघडता करायचंच असेल तर बटण दाबून धरून दांडीच्या बाजूने जी फट दिसते तिथून बारीक ब्रशने ग्रीस सोडता येतं, मी केलंय, अर्धा तास लागला पूर्ण कीबोर्डला

तपकीरगल्ली
येतं, पण ते फक्त वरवर लागतं आणि प्रत्येक बटणात वेगवेगळं जातं. खरखर थोडी कमी होते, टिंग तशीच राहते. ज्याचा कीबोर्ड सोल्डर केलेला आहे आणि प्रत्येक स्विचचे दोन म्हणजे ८७ चे १७४ टाके सोडवायचे नाहीत त्याने हे करावं, त्याला दुसरा मार्ग नाही. हॉटस्वॅपवाल्याने करू नये असं माझं मत.

रात्रपाळी_ठाणे
अपडेट देतो कारण इथे लोक प्रश्न विचारून गायब होतात.

शनिवारी रात्री फक्त स्टॅबिलायझर केले. ऑटो पार्टवाल्याने विचारलं कुठली गाडी, मी म्हटलं स्पेसबार, त्याने विचित्र बघितलं. सुईशिवायच्या सिरिंजने भरलं, डाव्या शिफ्टमध्ये जरा जास्तच गेलं पण चालतंय. स्पेसबारचा खडखडाट गेला, म्हणजे खरंच गेला, आता ठप् असा बंद आवाज येतो. तार आरशावर ठेवून बघितली, वाकडी होतीच.

रविवारी दुपारी मॅच लावून बसलो आणि तेहतीस स्विच केले. पहिल्या तीनला वीस मिनिटं लागली, एक स्प्रिंग उडून सोफ्याखाली गेली ती अजून तिथेच आहे, इन्सर्टमधली काढून लावली. नंतर हात बसला. बायकोने उघडायचं आणि मी ब्रश मारायचा असं वाटून घेतल्यावर तर गाडी सुसाट, तरी सगळं मिळून दुसऱ्या इनिंगची पंधरावी ओव्हर झाली. चुरमुरे पद्धत भारी आहे. टिंग जवळजवळ गेली, नीट कान दिला तर एल आणि पीवर अजून जरा येते.

सगळं लावल्यावर नचं बटण मेलेलं. घाबरलो, मग लेकीताईंचं आठवलं, काढून बघितलं तर पिन पोटाखाली झोपलेली. चिमट्याने सरळ केली, चालू झाली.

बाळ काल रात्री दोनदा उठलं पण ते भुकेने. वरची एफची ओळ तशीच आहे आणि तशीच राहणार. डबीत निम्म्याहून जास्त ग्रीस उरलंय, ठाण्यात कुणाला हवं असेल तर घेऊन जा, फक्त स्वतःचा ब्रश आणा.

वऱ्हाडी_कोडर
ती सोफ्याखालची स्प्रिंग काढून ठेव भाऊ, बाळ रांगायला लागलं असन न आता

रात्रपाळी_ठाणे
अरे हो. उचलतो सोफा.