ए अँड पी (ॲनाटॉमी-फिजिओलॉजी) चं पुस्तक वाचून डोक्यात काहीच राहत नाही, तुम्ही कसं वाचता?

निफाडची_पोर
नमस्कार, नाशिकला बीएस्सी नर्सिंग फर्स्ट सेमला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यात ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचं पुस्तक म्हणजे नुसती वीट. काल किडनीचा चॅप्टर घेऊन बसले, तीन तासात चौदा पानं झाली, अर्धी पानं हायलायटरने पिवळी केली आणि रूममेटने विचारलं नेफ्रॉन (किडनीतला तो बारीक घटक) काय करतो गं, तर माझं ततपप. सिनियर म्हणतात गाईड घे, जुने पेपर पाठ कर, विषय संपला. खरंच पुस्तक वाचायलाच पाहिजे का?

नाईटवाला_ब्रदर
हायलायटर आधी कपाटात टाक. मी पण पूर्ण पुस्तक रंगवलं होतं, होळी झाली, अभ्यास नाही झाला.
टेक्स्टबुक गोष्टीसारखं पहिल्या ओळीपासून वाचत सुटायचं नसतं. आधी दहा मिनिटं फक्त हेडिंग, आकृत्या आणि शेवटचे प्रश्न चाळ. मग हेडिंगचाच प्रश्न बनव. म्हणजे बघ, किडनीत दिवसाला साधारण 180 लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, मग बाकीचं गेलं कुठे? हा प्रश्न डोक्यात ठेवून रिॲब्सॉर्प्शन (गाळलेलं परत रक्तात शोषलं जाणं) वाच, शोधल्यासारखं वाचलं जातं. दोन पानं झाली की पुस्तक बंद आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिही, आकृतीसकट. पहिल्यांदा चार ओळी पण येणार नाहीत, घाबरू नको, जे आलं नाही तेवढंच परत उघडून बघायचं. या पद्धतीला एसक्यूथ्रीआर (सर्व्हे, क्वेश्चन, रीड, रिसाइट, रिव्ह्यू) म्हणतात, रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1946 ला मांडली, आपल्याकडे मात्र अजून घोकंपट्टीच.

सेकंडइयर_पंचवटी
ब्रदर, हे सगळं सेमच्या सुरुवातीला ठीक, परीक्षा आठ दिवसांवर आल्यावर कोण कागद भरत बसणार. मी तर जुने पेपरच बघते आणि पास पण होते.
पण इंग्लिशचं म्हणशील तर एक सांगते, शब्द फोडायला शीक. आयटिस आलं की दाह, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं, नेफ्रो म्हणजे किडनी, ऑलिगो म्हणजे कमी. मग ऑलिगुरिया (लघवी कमी होणं) बघून धडकी भरत नाही. मराठीत समजून घे, पण पेपरात लिहायचं इंग्लिशमध्ये, म्हणून नाव रोज हाताने लिहायचं.

वॉर्डातली_ताई
पास होशील गं, पण वॉर्डात गाईड उघडता येत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोस्टिंगला एक आजोबा होते, पायाला एवढी सूज की बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. फ्युरोसेमाईड, म्हणजे लघवी वाढवून सूज उतरवणारं औषध, चालू होतं. सिस्टरनी विचारलं, पोटॅशियमचा रिपोर्ट का बघतोय आपण? मला गाईडमधलं "हायपोकॅलेमिया" (रक्तात पोटॅशियम कमी होणं) पाठ होतं, पण का ते नाही आलं. रात्री चॅप्टर उघडला, औषध नेफ्रॉनमधल्या हेन्लेच्या लूपवर (वळलेल्या नळीवर) काम करतं, मीठ-पाण्याबरोबर पोटॅशियमही लघवीतून जातं, रक्तात नॉर्मल साधारण 3.5 ते 5 mEq/L, फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तो चॅप्टर मला आजवर विसरता आला नाही.
म्हणून रोज वॉर्डातला एक पेशंट धर आणि त्याच्या आजाराची दोनच पानं वाच. दुसऱ्या दिवशी न बघता आठव, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. एका बैठकीत सहा तास ओढण्यापेक्षा हे बरं. आणि हो, जुने पेपर पण बघ, त्यात वाईट काही नाही, फक्त तेवढ्यावर राहू नको.

निफाडची_पोर
थँक्यू ताई, ब्रदर. आज सीबीएस स्टँडला बसची वाट बघत वहीच्या मागच्या पानावर न बघता नेफ्रॉन काढला. ग्लोमेरुलस आलं, प्रॉक्झिमल ट्यूब्यूल आली, हेन्लेपाशी गाडी अडकली. ते काउंटरकरंट, म्हणजे लूपच्या दोन बाजूंना उलट दिशेने वाहण्याचं प्रकरण, कोणी मराठीत समजावेल का प्लीज?

नाईटवाला_ब्रदर
त्याच्यापाशी सगळेच अडकतात 😄 आज नाईट आहे, उद्या झोप झाल्यावर लिहितो. तोवर तुला काय वाटतं ते तू लिहून ठेव, चुकलं तरी चालेल.