मदत हवी आहे: ६०६१-टी६ चे टेन्साइल नमुने सतत खांद्यापाशीच तुटतात

नमस्कार मंडळी,

६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या (उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला मिश्रधातू) पत्र्यावर टेन्साइल टेस्ट (नमुना तुटेपर्यंत ओढायची चाचणी) चालू आहे. नमुने एएसटीएम ई८ (या चाचणीचं प्रमाण मानक) प्रमाणे वायरकटवर (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी धातू कापणारं मशीन) कापले आहेत: गेज लांबी (मधला मोजायचा भाग) ५० मिमी, रुंदी १२.५ मिमी, खांद्याची (मधला अरुंद भाग टोकाकडे रुंद होतो ती गोलाई) त्रिज्या १२.५ मिमी. बहुतेक नमुने मधे न तुटता खांद्याजवळ, एक्स्टेन्सोमीटरच्या (नमुन्याची वाढ मोजणारं उपकरण) धारांबाहेर तुटतात.

ताकदीचे आकडे व्यवस्थित येतात. यील्ड (कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण) २७५ आणि कमाल ताण ३१० मेगापास्कलच्या आसपास, यंगचा मापांकही (ताठपणा) ६९ गिगापास्कलजवळ. घोळ आहे तो इलाँगेशनमध्ये, म्हणजे तुटेपर्यंत झालेल्या वाढीत. नेक (तुटण्याआधी नमुना बारीक होतो ती जागा) गेजच्या बाहेर पडली की तिथली वाढ मोजलीच जात नाही, आणि मला तर रोलिंगच्या (पत्रा लाटल्याच्या) दिशेत आणि तिच्या आडव्या दिशेत इलाँगेशन किती बदलतं हेच दाखवायचं आहे.

आधी वायरकटच्या कडांवर संशय होता, म्हणून कडा लांबीच्या दिशेने पॉलिश करून घेतल्या. फरक नाही. मग नमुना उलटा लावून पाहिला, तरी तुटला वरच्याच टोकाला! म्हणजे दोष नमुन्यात नसून मशीनच्या बाजूला असावा. तुटलेल्या तुकड्यांवर वेज ग्रिपच्या (नमुन्याची टोकं पकडणारे पाचरीसारखे जबडे) दातांचे ठसे पाहिले, तर वरच्या टोकाला एका अंगाला खोल आणि दुसऱ्या अंगाला जेमतेम उमटलेले आहेत. खालच्या टोकाला दोन्हीकडे सारखे. शिवाय खालचे जबडे आवळताच, टेस्ट सुरू व्हायच्या आधी, लोडसेलवर (बल मोजणारा सेन्सर) दाब दिसतो. हा दाब शून्य करूनच पुढे जातो, पण वाकही येत असेल तर तो असा जाणार नाही.

दोन्ही अंगांना स्ट्रेन गेज (पृष्ठभागाचं ताणणं मोजणारी चिकटपट्टी) चिकटवून वाक मोजायचा विचार आहे. कुणी हे केलंय का? दोन्हीकडच्या स्ट्रेनमध्ये किती फरक दिसला की अलाइनमेंट (वरचे-खालचे जबडे एका रेषेत असणं) दुरुस्त करायलाच हवी असं तुम्ही धरता? ई८ मध्ये रुंदी टोकांकडून मध्याकडे जास्तीत जास्त १ टक्क्याने कमी करत न्यायची मुभा आहे. तसं केलं तर नमुना मधे तुटेल, पण वाक तसाच राहील ना? मला ते पटत नाही.

पत्रा एकाच हीटचा (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचा) आहे आणि आता थोडाच उरलाय, त्यामुळे अंदाजाने नमुने घालवायचे नाहीत. बाहेर तुटलेल्यांचे यील्ड आणि कमाल ताणाचे आकडे ठेवून फक्त इलाँगेशन वगळलं, तर परीक्षक मान्य करतात का, तेही सांगा. ठशांचे फोटो आणि आलेख लागतील तर लगेच टाकतो.