बारटेंडरचे काम जवळून पाहायचे असल्यास कुठे बसावे, काय पाहावे?

गोदाकाठ (नांदेड)
पुढील महिन्यात मुंबईस जाणार असून, एखाद्या चांगल्या कॉकटेल बारमध्ये बसून बारटेंडरचे काम पाहण्याची मनापासून इच्छा आहे. आपल्याकडे परमिट रूम पुष्कळ आहेत, परंतु तेथे मद्य, सोडा आणि बर्फ यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. पिण्यापेक्षा पाहण्यात मला अधिक रस आहे. केव्हा जावे आणि नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दौलताबादी (छत्रपती संभाजीनगर)
शनिवार-रविवार टाळून, संध्याकाळी बार उघडताच जावे आणि जागा राखून ठेवताना काउंटरचीच खुर्ची मागावी. गर्दीच्या वेळी बारटेंडरला मान वर करायलाही सवड नसते.

बाटल्या हवेत फेकण्याच्या कसरतीपेक्षा बर्फाकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. जिन आणि व्हर्मूथ (वनस्पतींनी सुवासिक केलेली वाइन) यांसारखे निव्वळ मद्यांचे मिश्रण लांब दांड्याच्या चमच्याने ढवळतात, कारण ते नितळ राहायला हवे. लिंबाचा रस किंवा अंड्याचा पांढरा भाग असेल, तर मात्र शेकर (झाकणाचे मिश्रणपात्र) जोराने हलवून त्यात हवा मिसळतात. दोन्ही वेळा पेय थंड करता करता बर्फ वितळतो, आणि तयार पेयातील साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हे वितळलेले पाणीच असते. ते कमी पडले तर पेय घशाला जाळते, जास्त झाले तर मिळमिळीत लागते. कसबी बारटेंडर शेकरच्या बदलत्या आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या गारव्यावरून कुठे थांबायचे ते ओळखतो. माझ्या दृष्टीने खरे कौशल्य तेच.

मांजराकाठचा (लातूर)
बर्फाइतकीच दुपारची पूर्वतयारीही महत्त्वाची आहे, म्हणून मेन्यूत क्लॅरिफाइड मिल्क पंच, म्हणजे दुधाच्या साहाय्याने नितळ केलेले मद्यपेय, असल्यास त्याविषयी अवश्य विचारावे. लिंबाच्या आम्लाने दूध फाटते, त्यातील केसीन हे प्रथिन मद्यातील व चहातील तुरट द्रव्ये धरून ठेवते, आणि त्याच चोथ्यातून सावकाश गाळलेले पेय जवळजवळ पारदर्शक उतरते. ही रीत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६३ मध्ये एका पत्रासोबत मिल्क पंचची कृती पाठवली होती. दुधाची ॲलर्जी असल्यास मात्र हे पेय घेऊ नये.

बागाईतदार (जालना)
आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिचा रस गोड व कमी आंबट असल्याने कॉकटेलमध्ये लिंबाची जागा घेऊ शकत नाही. त्यावर काही बारटेंडर अशा गोड रसात वजन करून सायट्रिक ॲसिड मिसळतात आणि त्याचा आंबटपणा लिंबाच्या रसाइतका, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांपर्यंत, नेतात. फळाचा सुगंध तसाच राहतो. मोसंबीवर असा प्रयोग कोणी करत असल्यास तो आवर्जून पाहावा व येथे लिहावे, कारण आमच्या फळाला असा मान मिळावा अशी फार इच्छा आहे.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. आपणांस प्यायचे नसेल तर मद्यविरहित पेय मागवावे; शेकर, बर्फ आणि हात तेच असतात.