आशाताई बाळाचे श्वास का मोजतात?

पिंपळपान: नमस्कार. माझी भाची बाळंतपणाला ब्रह्मपुरीजवळ माहेरी आली आहे. सरकारी दवाखान्यात सुखरूप सुटका झाली, तिसऱ्या दिवशी घरी आली आणि त्याच दुपारी आशाताई हजर. झोळीत घालून वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला, मग झबलं वर करून घड्याळ हातात धरून मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघत बसल्या. वहिनी घाबरली, थंडीत उघडं कशाला म्हणून. त्या सातव्या दिवशी परत येणार आहेत, आणि पुढेही. बाळ धडधाकट आहे, दोन किलो सातशे. मग एवढ्या फेऱ्या कशासाठी? हे डॉ. बंग यांच्या कामातून आलं असं कुणीतरी म्हणालं. कुणाला माहीत आहे का?

वैनगंगाकाठ: मी बारा वर्षं गटप्रवर्तक होते, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी. त्यांच्याबरोबर दारोदार फिरले आहे, म्हणून लिहिते.

वहिनींना सांगा, त्या मिनिटाचं मोल फार आहे. एवढ्याशा जिवाला जंतुसंसर्ग झाला की ते तापाने फणफणेलच असं नसतं. कधी उलट अंग गार पडतं. काल खणखणीत रडणारं बाळ आज नुसतं कण्हतं, दूध ओढत नाही, हातपाय सैल टाकतं. घरच्यांना वाटतं, गुणाचं आहे, शांत झोपलंय. माझ्या आईची दोन लेकरं अशीच झोपेत गेली, एक तर पाचवी पुजायच्या आधी. सटवाईने लिहिलंच नव्हतं, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीच्या कामांत मुलांचा न्यूमोनिया होता. 'पोट उडतंय' हे आईला दिसतं. पण किती उडलं म्हणजे औषध द्यायचं? त्यासाठी श्वास मोजायला हवेत, आणि बऱ्याच दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक साधन तयार केलं: मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर न्यूमोनिया. कधी शाळेत न गेलेली बाई निदान करू लागली! मला तरी या साऱ्या संशोधनात हेच सगळ्यात मोठं वाटतं. तिला येत नाही म्हणून काम काढून घेतलं नाही, तिला येईल असं काम बसवलं.

नवजात बाळांचं काम त्यानंतरचं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांची पाहणी झाली. बहुतेक घरीच जन्मलेली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, मिळाली ती शंभरातल्या तिघांनाही नाही. म्हणून गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन बाळ तपासायचं, ऊब टिकवायची, आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली की घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाची सुई व तोंडाने औषध द्यायचं. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांत आधी सोळा-सतरा दगावत, ती तिनाच्या आत आली. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. १९९९ च्या डिसेंबरात हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

२०११ पासून देशभरातल्या आशा घरभेटी देतात त्या यातूनच: दवाखान्यात जन्म झाला तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. आशाताई सुई देत नाहीत, शंका आली की दवाखान्यात पाठवतात.

दूरचा_प्रवासी: माहितीबद्दल आभार. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या, जिथे आरोग्यदूत नव्हत्या अशा गावांतल्या बाळांचं काय? ते वाचताना त्रास झाला.

वैनगंगाकाठ: तुलनेला ४७ गावं होती. तिथे सरकारी सेवा नेहमीसारखी चालू होती, म्हणजे तेव्हा जशी असायची तशी. तुमच्यासारखंच मलाही ते टोचतं. पण गावच्या बाईने नवजात बाळाला सुई टोचायची, ही गोष्ट तुलनेशिवाय कुणी मान्य केली नसती, असं मला वाटतं. आमच्यासारख्या गावांपर्यंत ती पोचलीच नसती.

पिंपळपान: ताई, आज वहिनीला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, सातव्या दिवशी त्या यायच्या आधी दार-खिडकी लावून ठेवते, वारा लागणार नाही. तिला स्वतःला श्वास मोजायला शिकायचंय. बाळ रडत असेल तर कसं करायचं?

वैनगंगाकाठ: रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. शांत झालं की पोटावर नजर ठेवा, वर-खाली झालं की एक श्वास, असं पूर्ण मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, एवढ्या लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. ६० किंवा वर आले तर लगेच पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा छाती आत ओढली जात असेल, दूध सोडलं असेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि नेताना बाळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, वरून पांघरूण घालून न्या.