अनुभव धागा : समुपदेशन कक्षाच्या दारापर्यंत

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला, "मावशी, कॉलेजातल्या काउन्सेलरकडे गेलं तर घरी कळवतात का?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी एम.एस्सी. केलं तेव्हा विभागात असा काही कक्ष होता का, हेही आज सांगता येणार नाही. दुसरं वर्ष मी जवळपास झोपेविना काढलं, आणि त्यावरचा माझा उपाय म्हणजे हॉस्टेलची गादी उलटी करून बघणे.

म्हणून हा धागा. मनाचं आरोग्य किती महत्त्वाचं वगैरे इथे नको, ते भिंतीवरच्या पोस्टरवर असतंच. मला बारकावे हवेत. पहिल्यांदा कोणाला सांगितलंत, नंबर किती दिवसांनी लागला, पैसे किती गेले, कोणत्या भाषेत बोललात, कोणाकोणाला कळलं. कॉलेजचं किंवा डॉक्टरांचं नाव लिहू नका. गोळ्यांची नावं तर नकोतच. आणि या घडीला कोणाला जगणंच नको झालं असेल, तर धागा वाचत बसू नका, १४४१६ लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

वायडी_मेकॅनिकल

सेकंड इयरला एम-थ्रीसकट (गणिताचा तिसरा पेपर) पाच विषय उडाले आणि मी वायडी गेलो, म्हणजे इयर डाऊन, वर्ष वाया. रूममेट थर्ड इयरला. घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी सॅक पाठीला लावून निघायचो, पुण्याच्या पीएमपी बसचा दिवसाचा पास काढायचो आणि कात्रज ते निगडी, निगडी ते कात्रज. खिडकीची सीट मिळाली की दिवस बरा गेला असं वाटायचं. असे दीड-दोन महिने.

कॉलेजात काउन्सेलर मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते एक. नेमकं तेव्हाच आमचं वर्कशॉप. खोली परीक्षा विभाग आणि स्कॉलरशिपची खिडकी यांच्या मधोमध, म्हणजे बाहेर कायम तीस-चाळीस पोरांची रांग. तीन वेळा दारावरून पाणी प्यायला आल्यासारखा पुढे गेलो.

चौथ्यांदा शिपाईकाकांनीच हाक मारली, "आत जायचंय ना? आधी सही कर." लांबडं रजिस्टर. नाव, पीआरएन (नोंदणी क्रमांक), ब्रँच, मोबाइल आणि शेवटचा रकाना, 'भेटीचे कारण'. पेन हातात धरून मी वरच्या नोंदी वाचल्या. करिअर मार्गदर्शन. करिअर मार्गदर्शन. खाली दोन टिंबं, म्हणजे तेच. अख्खं पान. आमच्या कॉलेजचं प्लेसमेंट बघता एवढ्या पोरांना करिअरची काळजी असती तर काय पाहिजे होतं! मीही दोन टिंबं काढली आणि आत गेलो.

मॅडमनी मार्कांचं विचारलंच नाही. किती वाजता झोपतोस, किती वाजता उठतोस, मधे कितीदा जाग येते, हे एका कागदावर लिहून घेतलं. चार भेटी झाल्या. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, घरी फोन इथूनच लाव, मी बसते. लावला. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गाडीला गर्दी असेल, रविवारी ये."

कमवा_शिका

मी मराठवाड्यातला, एम.ए. करत होतो. 'कमवा आणि शिका'मध्ये सकाळी बागेचं काम, मग लेक्चर, मग अभ्यासिका. छातीत धडधड व्हायची, घास गिळवत नव्हता. मित्राने समुपदेशन केंद्रावर नेलं. तिथे एक इंग्रजी फॉर्म, प्रत्येक ओळीसमोर शून्य ते तीन गुण द्यायचे. एका ओळीत 'होपलेस' शब्द होता. आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर मुलांना "होपलेस आहेस" म्हणायचे, तेवढाच अर्थ मला माहीत. मी बी.ए.ला कॉलेजात पहिला आलेलो! ठामपणे शून्य लिहिलं. बाकीही असंच काहीबाही. बेरीज कमी आली, "थोडा ताण आहे, व्यायाम करा" म्हणून सांगितलं. त्यांची तरी काय चूक.

१४४१६ एका रविवारी रात्री लावला, पार्किंगमध्ये उभा राहून. मराठी निवडायचं बटण दाबलं. पलीकडच्या ताईंनी नाव विचारलं आणि दुसराच प्रश्न, "जेवलात का?" रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते सांगताना जे रडू फुटलं, ते नंतर बराच वेळ थांबलं नाही. त्यांनी थांबवायला सांगितलंही नाही. मग "जीव घाबरतो", "नको नको वाटतं" हे माझ्या शब्दांत सगळं सांगून झालं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटायचं, असा पेशंट म्हटलं की थेट येरवडाच.

स्टेथो_गळ्यात

एम.बी.बी.एस.च्या मुलांना मानसोपचार विभाग कुठे आहे ते विचारावं लागत नाही. अडचण तीच! ओपीडीत बसलेला रेसिडेंट परवापर्यंत आमच्या मेसमध्ये जेवत होता, आणि पोस्टिंगची हजेरी मांडणारे सर पलीकडच्या खुर्चीत.

मी एसटीने अडीच तास लांब, दुसऱ्या जिल्ह्याच्या रुग्णालयात गेले. केस पेपरवर शिक्षण बी.एस्सी. सांगितलं. आत डॉक्टरांनी झोपेचं विचारलं आणि मी सवयीने बोलून गेले, "सर, अर्ली मॉर्निंग अवेकनिंग आहे." पहाटेच जाग येते, याला डॉक्टरांचा शब्द. त्यांचं पेन थांबलं. "कितव्या वर्षाला?" खोटं टिकलं एकूण तीन मिनिटं. त्यांनी केस पेपरवर बी.एस्सी.च राहू दिलं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं गोपनीयतेचं कलम २३ मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते मलाही लागू पडतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

(नाव नको)

आमच्याकडे उलटं झालं. मी जे बोलले ते आठवड्याभरात वर्गशिक्षिकेला माहीत होतं, आणि मग वडिलांना फोन. वडिलांनी शिक्षण थांबवायचं काढलं. मी परत कोणाकडे गेलेले नाही. एवढंच.

धागाकर्ती : लिहिलंत, बरं केलंत. माझ्या भाच्याचा प्रश्न हाच होता. इथे कोणी समुपदेशक असतील तर नेमकं उत्तर द्या, गुळमुळीत नको.

खोली_क्रमांक_७

मी कॉलेजात कंत्राटी समुपदेशक आहे. नेमकं उत्तर असं, विद्यार्थी अठरा पूर्ण असेल तर त्याच्या परवानगीशिवाय घरी किंवा शिक्षकांना काहीही सांगायचं नसतं. जीवाला धोका दिसला तर मात्र कोणाला तरी सांगावंच लागतं. ही मर्यादा पहिल्या भेटीतच, पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट करायची असते. समोरचा सांगत नसेल तर तुम्ही विचारा, "मी बोललेलं कोणाकोणाकडे जाईल?" उत्तर द्यायला तो चाचरला तर त्या दिवशी फक्त अभ्यासाचं बोला आणि या. वर 'नाव नको' यांच्या बाबतीत जे घडलं, ते चूकच होतं.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा. मग पाट्या भराभर लागल्या. माझी खोली आधी एनएसएसची होती, अजून कपाटामागे घमेली आणि कुदळी आहेत. दाराच्या काचेला मी स्वतः वर्तमानपत्र चिकटवलं. पगार सांगत नाही, हसाल.

आणखी एक. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, आम्ही नाही. बाहेर कोणी स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत नाव आहे का ते बघा. विचारलं म्हणून चांगला माणूस रागावत नाही.

डोंबिवली_ते_लीड्स

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभाराचे वर्षाला ७७६ पौंड भरलेले असतात, आणि आपली मुलं इकडे येऊन जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नावसुद्धा नोंदवत नाहीत. मीही फेब्रुवारी उजाडेपर्यंत नोंदवलं नव्हतं. उतरल्या आठवड्यात नोंदवा, तांदूळ-डाळ नंतर आणा. पुढे प्रबंधाची मुदत वाढवून घ्यायला पुरावा मागतात, तेव्हा जीपीचंच पत्र उपयोगी पडलं.

विद्यापीठाच्या सेवेत ऑनलाइन फॉर्म भरल्यावर सोळा दिवसांनी अर्ध्या तासाची पहिली भेट. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे बोलून होणाऱ्या उपचारासाठी, जीपीच्या चिठ्ठीविना स्वतःच अर्ज करता येतो. तिथेही थांबावं लागतंच. मधल्या काळात मला नाइटलाइन कामाला आली. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी रात्री चालवलेला फोन, १९७०मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झालेला प्रकार. सल्ला देत नाहीत, ऐकतात.

वर एकांनी भाषेचं लिहिलंय. माझं नेमकं उलटं झालं. इंग्रजीत सांगणं सोपं गेलं, जणू दुसऱ्याच कोणाची केस वाचून दाखवतेय. आईला मात्र फोनवर "करमत नाही गं" एवढंच म्हणता आलं. ती म्हणाली, थंडीचं असेल, सुंठ घालून चहा घे.

लॉ_वाल्याची_आई

आम्ही आधी पत्रिका दाखवली, मग शांत केली, मग डॉक्टर. सहा महिने आमच्यामुळे गेले, हे इथे कबूल करते. दुसरं म्हणजे विमा. कायद्याने मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा द्यावा लागतो, पण आमची पॉलिसी रुग्णालयात दाखल झालं तरच पैसे देते. दर आठवड्याची फी खिशातून. आधी वाचून घ्या, आम्ही वाचलं नव्हतं.

नवीन_आयडी

सगळं वाचलं. आमच्याकडेही काउन्सेलर मंगळवारीच असतात. जायचं ठरवलंय. ते रजिस्टर आमच्याकडेही आहे, मी लांबून बघितलंय. कारणाच्या रकान्यात काय लिहू?

वायडी_मेकॅनिकल

वर बघ. दोन टिंबं असतील, तीच काढ.