जिस्ट (पोट-आतड्यांचा एक कर्करोग) : इमॅटिनिब या गोळीवर गाठ थोडी वाढली, घनता उतरली. याला 'आजार वाढला' म्हणायचं का?

दांडियाबाजार_वडोदरा :
लिव्हरमध्ये पसरलेला जिस्ट, रोज इमॅटिनिब 400 मिग्रॅ. आठ आठवड्यांनी दुसरा सीटी झाला. मोठी गाठ 62 मिमीची 66 झाली. पोर्टल फेजमधली (शिरेतून दिलेलं आयोडीनचं कॉन्ट्रास्ट लिव्हरच्या पोर्टल शिरेत भरलं असतानाची) घनता 78 एचयूवरून (सीटीवर घनता मोजायचं एकक) 42 वर आली. लिव्हरमध्ये 9 मिमीचा नवा काळा ठिपकाही दिसतोय. पहिला सीटी अलकापुरीत 120 केव्हीपीवर (एक्स-रे नळीचा व्होल्टेज), दुसरा कारेलीबागेत 100 वर. रिपोर्टात 'प्रोग्रेशन' (आजार वाढला) लिहिलंय. औषध बदलावं का?

रेडिओ_मांडवी :
इतक्यावर नको. वाढ 6.5 टक्के आहे. रेसिस्ट 1.1 नुसार (गाठींचा आकार मोजून प्रतिसाद ठरवायचे निकष) प्रोग्रेशनला 20 टक्के आणि किमान 5 मिमी वाढ लागते किंवा नवी गाठ दिसावी लागते, म्हणजे रिपोर्टाची सगळी भिस्त त्या ठिपक्यावर आहे. जिस्टसाठी आकाराबरोबर घनताही बघणारे चोई निकष (2007) लावा : आकार 10 टक्के किंवा घनता 15 टक्के घटली, तर प्रतिसाद. इथे घनता 46 टक्के उतरली आहे. इमॅटिनिबने पेशी मरतात, रक्तपुरवठा आटतो, गाठ आतून पातळ होते. त्या काळात ती फुगूही शकते. केव्हीपी कमी केलं की आयोडीन जास्त उजळ दिसतं, त्यामुळे 42 हा आकडा उलट चढाच आलेला असणार. खरी घट याहून मोठी.

सारंग_ऑन्को :
ठिपक्याबद्दल : लिव्हरइतक्याच घनतेची जुनी गाठ आधी लपून राहते आणि औषधाने काळी पडल्यावर उठून दिसते. पहिल्या सीटीचे प्लेन (कॉन्ट्रास्टशिवायचे) आणि आर्टेरियल फेज (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाचे) अरुंद विंडोत, म्हणजे घनतेतला थोडा फरकही दिसेल अशा सेटिंगवर, पुन्हा पाहून घ्या. खरी भीती वेगळी आहे : काळ्या पडलेल्या गाठीच्या आत कॉन्ट्रास्ट घेणारी बारीक गाठ. संपूर्ण गाठीवर आरओआय (घनता मोजायचा घेरा) काढला की सरासरीत ती बुडते, म्हणून प्रत्येक स्लाइस डोळ्यांनी बघायलाच हवा. म्युटेशनचा (गाठीच्या जनुकातल्या बदलाचा) रिपोर्ट आहे का? केआयटी जनुकाच्या एक्सॉन 9 या भागात बदल असेल तर 800 मिग्रॅचा विचार होतो.

दांडियाबाजार_वडोदरा :
एक्सॉन 11 आहे. पहिल्या वेळी आर्टेरियल फेज काढलेला नाही, प्लेन आहे. पेट स्कॅन (गाठ किती साखर ओढते ते दाखवणारा) करून घ्यावा का?

रेडिओ_मांडवी :
औषधाआधीचा पेट नसेल तर तुलनेला काही उरत नाही, आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर आतडी उजळून गोंधळ वाढतो. त्यापेक्षा ऑन्कोलॉजिस्टशी बोलून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सीटी करा, तोवर गोळी त्यांना न विचारता थांबवू नका. मशीन, केव्हीपी आणि कॉन्ट्रास्टची मात्रा कारेलीबागेचीच ठेवा. पोर्टल फेज साधारण 70 सेकंदांनी, स्लाइस 5 मिमी किंवा कमी. प्लेन वगळू देऊ नका, कारण गाठीत रक्तस्राव झाला तर एचयू खोटा चढतो. आणि फिल्म नको, दोन्ही सीटींची डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी मागा; फिल्मवर एचयू मोजता येत नाही.