स्वतःची गाणी लिहून पोट भरतं का? प्रतीक कुहाड आणि माझा भाचा

गोदाकाठ
भाचा इथेच नाशिकला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो. परवा घरात म्हणाला, मला त्या गायक-गीतकार प्रतीक कुहाडसारखं व्हायचंय. ताई रडली, दाजी दोन दिवस बोलले नाहीत.

माझं मत: करू द्यावं. कुहाड जयपूरचा, १९९० चा जन्म. न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला, मग दिल्लीत येऊन गाऊ लागला. २०१५ ला पहिला पूर्ण अल्बम, तोही इंग्रजीत. २०१८ ला 'कोल्ड/मेस' ही सहा गाणी आली. त्यातलं शीर्षकगीत ओबामांनी २०१९ च्या आवडत्या गाण्यांत घेतलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रा रेकॉर्ड्सशी करार. नाच नाही, झगमगाट नाही. सिनेमाच्या दारात न जाता पोरगं इथवर पोचलं.

सिडकोकर
दादा, शेवटचं वाक्य बरोबर नाही. २०१६ च्या 'बार बार देखो'त त्याचं गाणं आहे, २०१८ च्या 'कारवां'तही आहे. सिनेमाने हात दिलाच.

आणि न्यूयॉर्कला शिकायला पाठवणारं घर किती जणांना मिळतं? मी कॉलेज रोडच्या कॅफेत तीन वर्षं गायलो. मालक चांगला होता, पण चिठ्ठ्या यायच्या त्या जुन्या हिंदी गाण्यांच्या. माझं स्वतःचं गाणं सुरू केलं की टेबलावरच्या गप्पा वाढायच्या. एका रात्री घरी येऊन गिटार कपाटावर ठेवली. त्याला चार वर्षं झाली. भाच्याला आधी पदवी घेऊ द्या.

देवळालीची ताई
पदवी घ्यावी, हे मान्य. पण आपल्याकडे हे जमतच नाही असं कसं म्हणता? वामनदादा कर्डक आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म. मुंबईत गिरणीत राबले, वाचायला मोठेपणी शिकले, आणि आयुष्यभर स्वतः लिहून स्वतः गायले. ना न्यूयॉर्क, ना इंग्रजी. २००४ ला गेले, पण गाणी आजही गल्लीगल्लीत ऐकू येतात. इंडी, म्हणजे स्वतंत्र संगीत, ते आणखी काय असतं?

पंचवटीकर
ताई, वामनदादांबद्दल आदर आहे, म्हणूनच ही तुलना पटत नाही. त्यांच्यामागे आंबेडकरी चळवळ होती. समोरचा माणूस तिकीट काढून आलेला नव्हता, तो आपलंच दुःख ऐकायला आला होता. कुहाडचं गाणं दोघांचं असतं, एका खोलीतलं. ते हलकं आहे असं मी म्हणत नाही, मलाही आवडतं. पण एकट्याच्या गाण्याला एकट्यानेच श्रोता शोधावा लागतो, आणि त्यातच पंचविशी निघून जाते. पाठीशी कुणी नसताना किती वर्षं टिकाल, प्रश्न हा आहे.

गोदाकाठ
सिडकोकर, सिनेमाबाबत माझी चूक झाली, मान्य.

पण पैशाबद्दल बोलू. स्वतः लिहिणाऱ्याला आज एक आधार आहे. २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा लिहून देऊन टाकता येत नाही. कंपनीने सही घेतली तरी तो हक्क राहतो. शब्द आणि चाल दोन्ही आपलं असेल तर दोन्हीकडचा वाटा आपलाच. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेचं सभासद होऊन गाणी नोंदवायची, एवढं मी त्याच्याकडून करून घेणार आहे. पंचवटीकर, पहिली दहा वर्षं याने भागणार नाही, हे ठाऊक आहे. तेवढी दहा वर्षं मामा म्हणून मी उभा राहीन.

सिडकोकर
हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझी अकरा गाणी वहीत आहेत, एकही नोंदवलेलं नाही.

तरी पदवीबद्दल मी मागे हटत नाही. दोन वर्षं उरलीत, तेवढी काढू दे. गाणं कुठे पळून जात नाही.

देवळालीची ताई
भाचा लिहितो कुठल्या भाषेत?

गोदाकाठ
इंग्रजी आणि हिंदी. मराठीत एकच आहे, आजीवर. ते घराबाहेर गात नाही, म्हणतो कोण ऐकणार?

पंचवटीकर
मी ऐकेन. रविवारी संध्याकाळी त्याला घेऊन गंगापूर रोडला या, कुसुमाग्रज स्मारकापाशी भेटू. सिडकोकर, तुम्हीही या, वही घेऊन.